अर्ध्या घराचा विजय

क्योतो, ९ मार्च

प्रिय इसोजी भावोजी,

आमच्या कुंपणाशी असलेल्या उमे या जपानी प्लमच्या झाडाने यंदा बहर लवकर आवरता घेतला. तुमच्या बेटावर संत्र्यांची शेवटची तोडणी झाली असेल.

तुमचे कार्ड परवा मिळाले. त्यावरची खेळी पाहण्याआधी मी तुमचे अक्षर पाहिले. दोन वर्षे ते वाळूवरून चालणाऱ्या खेकड्यासारखे होते, हे आता लिहायला हरकत नाही. यावेळी ते सरळ आहे. हाताच्या कंपावरचे नवे औषध लागू पडले, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता डावाविषयी. काळ्या-पांढऱ्या खड्यांनी पटावरची घरे वेढण्याचा हा गो आपण टपालाने खेळू लागलो त्याला एक आयुष्य लोटले, आणि एवढ्या काळात तुम्ही माझ्या घरात आगंतुकासारखे शिरलेले मला आठवत नाही. आधी आपले कोपरे राखायचे, कुंपण घालायचे आणि मग इंचाइंचाने पुढे सरकायचे, हा तुमचा स्वभाव. पण गेल्या पानगळीत तुम्ही एकटा पांढरा खडा माझ्या काळ्यांच्या मधोमध टाकलात. तो मरणार अशी माझी खात्री होती. तो जगला, इतकेच नव्हे तर त्याने माझी सात घरे खाल्ली. त्यानंतरच्या तुमच्या प्रत्येक खेळीत तेच धाडस आहे. काही माणसे सत्तरी ओलांडल्यावर मोकळी होतात, असे ऐकून होतो; तुमच्या रूपाने ते पाहिले. अभिनंदन स्वीकारावे.

आईच्या तेराव्या वर्षाचे श्राद्ध अठरा मेला आहे, देवळाशी बोलणे झाले आहे. मी क्योतोहून थेट देवळात पोचेन. तुम्ही आणि फुसाएताईने नऊच्या फेरीबोटीने यावे, म्हणजे घाई होणार नाही.

माझी खेळी सोबतच्या कार्डावर आहे.

आपला,
तादायोशि


कामोजिमा, २० मार्च

तादा,

तुझे अभिनंदन पोचले. मी ते देवघराशेजारी भिंतीवर चिकटवले आहे. विमा कंपनीत जन्मभर लोकांचे मरण मोजणाऱ्या माणसाने कुणाच्या धाडसाचे कौतुक करावे, ही चीज जपून ठेवण्याजोगी आहे.

तुला वाटते मी फक्त पटावर मोकळा झालो? मग ऐक. गेल्या मंगळवारी फुसाएला पलीकडे दातांच्या डॉक्टरकडे जायचे होते. फेरीबोट निघून गेली होती, पुढची दुपारी. मी म्हटले, चल, आपली होडी आहे. ती म्हणाली, भरतीची धार सुटली आहे. मी म्हटले, सुटू दे. सामुद्रधुनीच्या मधोमध पाणी असे काही उसळत होते की तुझ्यासारख्याने डोळे मिटून घेतले असते. डावीकडे भोवरा, उजवीकडे मालवाहू जहाज, आणि दोहोंच्या मधून मी. जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा मी टोपी काढून हलवली. फुसाए तर पुढच्या फळीवर बसून खुदखुदत होती, तिचे खांदे हलताना मला मागून दिसत होते.

तीस वर्षे परक्या जहाजांवर चढून मी त्यांना या धारेतून पार नेले, आणि तीस वर्षे पाणी थांबायची वाट बघत बसलो. किती वेळ वाया गेला, तादा. आता कळते.

श्राद्धाच्या दिवशी उधाण आहे आणि ऐन सकाळी धार जोरात असेल. फेरीबोट ही कोबी आणि शाळेतल्या मास्तरांसाठी असते. मी फुसाएला होडीने आणणार. मोजून सांगतो, कारण तुला मोजलेले आवडते: दहांत सात वेळा काहीही होणार नाही. आणि देवळाखालच्या धक्क्यावर आम्ही धारेतून उतरताना तू पाहशील तेव्हा तुझे तोंड कसे होईल, त्याची किंमतच होऊ शकत नाही.

औषध चांगले आहे. डॉक्टर कुवातानींनी हिवाळ्यात मात्रा वाढवली. शर्टाची बटणे मी स्वतः लावतो.

इसोजी


क्योतो, २७ मार्च

प्रिय भावोजी,

तुमचे पत्र तीन वेळा वाचले. पहिल्यांदा थट्टा समजून, दुसऱ्यांदा थट्टा कुठे संपते ते शोधण्यासाठी, आणि तिसऱ्यांदा ती नाहीच हे कळल्यावर.

दहांत सात वेळा काही होणार नाही, असे तुम्ही लिहिता. वाक्य पुरे करण्याचे काम माझ्याकडे सोडलेले दिसते. दहांत तीन वेळा माझी बहीण बुडेल. ज्या जहाजाला दोनशेत एक धोका असे, त्याची कागदपत्रे आमच्या कंपनीत चार माणसांच्या टेबलांवरून फिरत. दहांत तीन हा आकडा कुणी लिहिला असता, तर त्याची चूक झाली असे समजून आम्ही कागद परत पाठवला असता.

तुमच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा बेटावर आलो होतो तेव्हाचे आठवते. एका परदेशी जहाजाच्या कप्तानाने तुम्हाला घड्याळ दाखवले होते. तुम्ही त्याला म्हणालात, "ते तुमच्या हातावर आहे, पाण्याच्या हातावर नाही." आणि चहा मागवलात. त्या माणसाला मी माझी लेक दिली, असे आमची आई म्हणत असे.

तुमच्यातला तो माणूस कुठे गेला, ते मला कळत नाही. कृपा करून लिहा की फेरीबोटीने याल.

तादायोशि


कामोजिमा, ३ एप्रिल

तादा,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. हे डोंगरावर गेले आहेत.

होडीबद्दल तुला लिहिलेलं ह्यांनी मला वाचून दाखवलं होतं. मी हसत नव्हते रे. माझे दात वाजत होते. दोन्ही हातांनी फळी धरली होती आणि ओरडले तर ह्यांचं लक्ष विचलित होईल म्हणून ओठ चावून बसले होते. पलीकडे उतरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, ओठाला काय झालं. मी म्हटलं, मासा खाताना काटा लागला.

ह्यांना मी हसताना दिसले, ते खरंच तसं दिसलं असेल. खोटं बोलणारा माणूस नाही हा.

तुला सगळं सांगायला हवं. फेब्रुवारीत वादळी वारा असताना हे छपरावर चढले, दोन कौलं सरकली होती म्हणून. मी खाली शिडी धरून उभी. म्हटलं, उद्या करा. म्हणाले, "उद्या काय मजा?" मागच्या आठवड्यात डोंगरातून टोपलीभर कोवळा पाला आणला. शेजारच्या हिरानोबाई म्हणाल्या, अगदी असाच दिसणारा एक विषारी पाला असतो, हा तो असू शकतो. हे म्हणाले, "असू शकतो म्हणजे नसूही शकतो." आणि वाटीभर उकडून खाल्ला. मी रात्रभर ह्यांचा श्वास ऐकत पडून राहिले. सकाळी उठून मलाच विचारतात, डोळे का सुजलेत?

चिडत नाहीत, दारू नाही, काही नाही. उलट खूप आनंदात असतात. शीळ घालतात. लग्न झाल्यापासून मी ह्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचीच भीती वाटते. मनाई केली की माझ्याकडे असं बघतात, जसं काही मला दिसतच नाही ते त्यांना दिसतं आहे.

तुझं ते कौतुकाचं पत्र भिंतीवर आहे. मी काही म्हटलं की त्याच्याकडे बोट दाखवतात. "तुझा भाऊच म्हणतो."

अठरा तारखेला मी नाही म्हटलं तर हे एकटे जातील. एकटे गेले तर मी धक्क्यावर उभी राहून बघू शकणार नाही. म्हणून मी बसणार आहे होडीत. तू काही कर.

फुसाए


क्योतो, १४ एप्रिल

प्रिय भावोजी,

पंधरवडा मी तुम्हाला लिहिले नाही, कारण काय लिहावे ते मला माहीत नव्हते. आता माहीत आहे, आणि ते माहीत नसते तर बरे, असे वाटते.

मिनाए ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे मी गेलो होतो. मुलगी काय करते ते बापाने दहा वर्षांत विचारले नव्हते. तिला आश्चर्य वाटले. तिने मला एका काचेमागे बसवले.

"बाबा, हलू नका. त्सुमुगीला नवी माणसं आवडत नाहीत."

त्सुमुगि हे माकड आहे. त्याच्यासमोर पडदा, पडद्यावर दोन रंगीत ठिपके. ज्या ठिपक्याकडे ते टक लावून बघते त्याचे फळ त्याला मिळते. निळ्याकडे बघितले की फळाच्या रसाचा एक छोटा घोट, बहुतेक दर वेळी. पिवळ्याकडे बघितले की तोंडभर रस, पण क्वचित. एरवी काहीच नाही. त्सुमुगि समंजस प्राणी आहे. ते अधूनमधून पिवळ्याकडे नजर टाकते, पण संसार निळ्यावर चालवते. मला ते आवडले. ते आमच्या कंपनीत शोभले असते.

मग मिनाएने एक कळ दाबली. मेंदूच्या मध्यातून कपाळामागच्या एका भागाकडे जाणारी वाट आहे. तिच्यावर प्रकाशाचा सूक्ष्म किरण पाडतात आणि ती वाट जागी होते. माकडाला काही दुखत नाही, कळतही नाही. पण त्याची नजर पिवळ्यावर गेली. काही मिळाले नाही. पुन्हा पिवळा. काही नाही. पुन्हा पिवळा. निळा शेजारीच होता, दर वेळी.

मी विचारले, "ते विसरलं का, पिवळ्यात बहुधा काही नसतं हे?"

"नाही. दुसऱ्या चाचणीत विचारलं तर अजून बरोबर ओळखतं. शक्यता त्याला पाठ आहे."

"मग?"

"शक्यता कळणं वेगळं आणि तिला किती भाव द्यायचा ते वेगळं, बाबा. मोठ्या घोटाचं पारडं जड झालं आहे, एवढंच. तराजू तोच आहे, वजनं बदलली."

"त्याला काय वाटत असेल?"

"ते विचारायची सोय नाही."

भावोजी, मी त्या प्राण्याचा चेहरा बघत होतो. त्यावर कुठलाही फरक नव्हता. कुणी तरी आपल्याला ढकलते आहे, अशी शंकाही त्याला नव्हती. निळ्याकडे बघताना ते जितके ठाम होते तितकेच ते आता ठाम होते.

बाहेर आल्यावर तिने विचारले, तुम्ही आज अचानक का आलात. मी तुमच्या हाताबद्दल आणि नव्या औषधाबद्दल सांगितले, मग होडीबद्दल. तिने हातातला चहाचा पेला खाली ठेवला. कंपावरची काही औषधे, ती म्हणाली, मेंदूतल्या याच जातीच्या रसायनाचे काम करतात. बहुतेकांना काही होत नाही. थोड्यांना होते, आणि मात्रा वाढली की अधिक. "अशी माणसं स्वतः कधी डॉक्टरकडे जात नाहीत, बाबा. त्यांना कुठे काय झालेलं असतं? त्यांना फक्त इतर सगळे भित्रे वाटायला लागतात."

औषध स्वतःच्या मनाने थांबवणे धोक्याचे आहे. पण डॉक्टरांना सांगितले तर ते मात्रा बदलू शकतात, औषधही बदलू शकतात. डॉक्टर कुवातानींना फक्त कंप दाखवला जातो. त्यांनी होडीबद्दल कधी ऐकले नसेल. ते त्यांना सांगा, एवढेच मागतो.

आणि माझे ते मार्चमधले पत्र भिंतीवरून काढा. मी पिवळ्या ठिपक्याचे कौतुक करत होतो, हे मला ठाऊक नव्हते.

तादायोशि


कामोजिमा, २० एप्रिल

तादा,

माकडाचा वृत्तांत वाचला. मोठ्याने वाचला, फुसाएलाही ऐकवला. तिने तुला पत्र लिहिले होते ते मला माहीत आहे. या बेटावर तिकीट चिकटवण्याआधी पोस्टातल्या मावशी मला सांगतात, "बाईसाहेबांनी क्योतोला पत्र टाकलं हो." मी रागावलेलो नाही. तिला भीती वाटते, तुला भीती वाटते, तुम्ही दोघे एकाच आईची लेकरे.

आता माझे ऐक. तुझे म्हणणे, मी आता जो आहे तो औषधाचा आहे. ठीक. मग आधीचा मी कशाचा होतो? तीस वर्षे पाणी थांबायची वाट बघणारा जो माणूस तुझ्या आईला आवडला, त्याच्या डोक्यातही कुठले तरी पाणी झिरपतच असेल. ते कमी झिरपत होते म्हणून तो खरा इसोजी, आणि आता जास्त झिरपते म्हणून हा खोटा? कोणते माप खरे, हे ठरवणारा तू कोण? विमा कंपनी?

आणि तू काय मागतो आहेस ते नीट समजून घे. मागच्या वर्षी मला चहाचा पेला धरता येत नव्हता. फुसाए मला भात भरवत होती. दोरीची गाठ मारता येत नव्हती, पटावर खडा ठेवायचा तर चार खडे हलायचे. मी रोज सकाळी समुद्राकडे पाठ करून बसायचो. आता मी होडी चालवतो. तू म्हणतोस, ते परत दे आणि त्याच्या बदल्यात माझी भीती घे. कसला सौदा आहे हा? तुझे माकडही हा सौदा नाकारेल.

अठराला धारेतून येणार. दहांत सात मी नम्रतेने म्हटले होते, आठ धर.

माझी खेळी कार्डावर.

इसोजी


क्योतो, २६ एप्रिल

प्रिय भावोजी,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. आधीचा माणूस खरा आणि आताचा खोटा, हे मी सिद्ध करू शकत नाही. मिनाएलाही विचारले; ती म्हणाली, हा प्रश्न प्रयोगशाळेचा नाही. म्हणून मी वाद सोडतो आणि तुमच्यापुढे दुसरे काही ठेवतो.

आपला डाव शेवटाला आला आहे. पैज लावू. मी जन्मात कधी लावली नाही, हे तुम्ही जाणता.

हा डाव तुम्ही जिंकलात, तर मी सतरा तारखेला बेटावर येईन आणि अठराच्या सकाळी तुमच्या होडीत, ताईच्या शेजारी बसून धारेतून येईन. मला पोहता येत नाही, हे वेगळे सांगायला नको. मी जिंकलो, तर तुम्ही श्राद्धाआधी ताईला घेऊन डॉक्टर कुवातानींकडे जाल, होडी, छप्पर आणि तो पाला, सगळे तिच्या तोंडून त्यांना ऐकू द्याल, ते सांगतील तसे वागाल, आणि त्या दिवशी फेरीबोटीने याल.

माझी खेळी सोबत आहे. यापुढची तुमची. तिच्यावर डावाचा निकाल लागेल, असे मला वाटते. हवा तेवढा वेळ घ्या आणि नीट मोजा.

तादायोशि


कामोजिमा, १ मे

तादा,

कबूल. कबूल, आणि पुन्हा एकदा कबूल.

अरे, हे तू आधी का नाही सुचवलेस? क्योतोचा विमावाला, सुती मोजे घालून, माझ्या होडीत, धारेच्या मधोमध. मी पलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानातून तुझ्यासाठी तरंगते जाकीट आणले आहे, नारिंगी, मोठ्या मापाचे. फुसाए ते पाहून आत निघून गेली. ती जेवलीही कमी.

तू नीट मोजा म्हणालास, म्हणून तीन दिवस मोजले. पटासमोर बसलो की हाताला खाज सुटते. तुझ्या मधल्या काळ्या खड्यांची फळी पाहिलीस का? अठ्ठावीस खडे. जगायला दोन भोके लागतात, तिला श्वास घ्यायला एकच आहे आणि त्यात मी खडा टाकतो आहे. अठ्ठावीस खडे, तादा. आपल्या आयुष्यात एवढी कत्तल कुणी केली नसेल.

खेळी कार्डावर. सतराला धक्क्यावर घ्यायला येतो.

इसोजी


क्योतो, ५ मे

प्रिय भावोजी,

तुमचे कार्ड दारातच उलटून पाहिले आणि तिथेच पायरीवर बसलो. घरातून विचारणा झाली, कुणी गेले का.

माझे उत्तर कार्डावर आहे. ते तुम्ही पटावर मांडाल तेव्हा दिसेल: तुमचा खडा पकडला गेला आहे, आणि माझी फळी जगली आहे. तिला दुसरा श्वास खालच्या कडेने होता. तो शोधायला मला एक संध्याकाळ लागली. तुम्हाला तेवढीही लागली नसती.

आता उजव्या खालच्या कोपऱ्याकडे पहा. तिथे तुम्ही एक साधा खडा जोडला असता, तर डाव संपला असता. मी तो दहा वेळा मोजला. तुम्ही अर्ध्या घराने, म्हणजे गोमधल्या सर्वांत लहान फरकाने, जिंकत होता. अर्ध्या घराचा विजय हाही विजयच, आणि तो नक्की होता. मी काहीही खेळलो असतो तरी टळला नसता. पैज लिहिताना मला हे माहीत होते. मी हरलेल्या डावावर पैज लावली, भावोजी.

ही लबाडी होती का, ते तुम्ही ठरवा. माझा हिशोब असा होता. तुम्ही तो साधा खडा ठेवला असता, तर ज्याच्या होडीत बसायचे तो माणूस नक्की मिळणारे थोडके घेऊन गप्प बसू शकतो, एवढे मला कळले असते, आणि मी ते जाकीट घालून निमूट बसलो असतो. तुम्ही तो ठेवला नाहीत, तर त्या होडीत माझ्या बहिणीने बसता कामा नये. पटावर माझे फक्त खडे मरणार होते, म्हणून विचारायची जागा मी ती निवडली.

तुम्ही तो साधा खडा ठेवावा म्हणून मी आठवडाभर प्रार्थना करत होतो, हे लिहून ठेवतो. मला हरायचे होते.

तादायोशि


कामोजिमा, १३ मे

तादा,

तुझे कार्ड आल्यावर मी पट मांडला. तुझा खडा ठेवला. मग पकडला गेलेला माझा खडा उचलून घेतला. फुसाएला वाटले मी हरल्याचे दुःख करतो आहे. तिने चहा आणला.

तुला वाटत असेल, मला तो कोपरा दिसला नाही. दिसला होता. हे तुला सांगायलाच हवे, म्हणून लिहितो आहे. दिसला नसता तर मी म्हटले असते, म्हातारपण आले, डोळे गेले, आणि रात्री नीट झोपलो असतो. पण मी तो पहिल्याच दिवशी पाहिला. अर्धे घर, हेही मोजले. तुझ्या फळीचा खालचा श्वासही पाहिला. तुला तो सापडणार नाही याची शक्यता किती, तेही मोजले: दहांत एक. माझी मोजणी आजही तुझ्यापेक्षा चांगली आहे.

सगळे मोजून झाल्यावर मी त्या अर्ध्या घराकडे पाहिले आणि ते मला पाणचट वाटले. गार झालेल्या भातासारखे. आणि ते दहांत एक असे चमकत होते की बाकीचे नऊ मला दिसत असूनही त्यांच्याशी माझा काही संबंध नव्हता. मी विचार केला नाही असे नाही. मी विचार पूर्ण केला, आणि हात दुसरीकडे गेला.

मग मी त्या मंगळवारचे पाणी आठवू लागलो. ते दहांत सात कुठून आले म्हणशील, तर ते खरे मोजलेले होते. म्हणजे दहांत तीनही मोजलेले होते. फुसाए समोर बसलेली असताना मी ते मोजले होते. मी तिला विचारले, "तू हसत होतीस ना?"

ती म्हणाली, "नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता?"

तादा, मी "हो" म्हणायला तोंड उघडले आणि तो शब्द आला नाही.

पैज मी पाळली. सोमवारी डॉक्टर कुवातानींकडे गेलो. फुसाए बोलली, मी गप्प बसलो. पाल्याची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी लिहिणे थांबवले. मला म्हणाले, "ओकुझाकिसान, मी दर महिन्याला विचारत होतो, आणखी काही त्रास?"

मी म्हटले, "त्रास नव्हता. बरं वाटत होतं."

"तेच विचारायला हवं होतं मी," ते म्हणाले.

मग त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या. मात्रा हळूहळू उतरवली तर हे बहुतेक ओसरेल, पण हात पुन्हा जड होईल, कदाचित चमचाही सुटेल. दुसरे औषध आहे, ते मला मानवेल की नाही सांगता येत नाही. नाही उतरवली, तर हात असाच राहील आणि घरच्यांनी पहारा ठेवायचा. "तुम्ही ठरवा," म्हणाले.

आणि तिथे मी सावध झालो. कारण मला उत्तर लगेच सुचले होते: मात्रा तशीच ठेवा, पहारा ठेवा, काही होणार नाही. स्वच्छ, ठाम, मोजलेले उत्तर. त्याच हाताने दिलेले. औषधाबद्दलचा निर्णय औषधच घेत होते आणि आवाज माझा होता.

परक्या जहाजावर मी चढलो की तिथला कप्तान सुकाणूपासून बाजूला व्हायचा. जहाज त्याचे, माणसे त्याची, पण हे पाणी त्याला ठाऊक नसायचे. कित्येकांना ते जड जायचे. मी त्यांच्या चेहऱ्यांना मनात हसायचो. सोमवारी मी डॉक्टरांना म्हटले, "हिला विचारा. हिचं ऐका." मी पुन्हा काही म्हणेन, कदाचित उद्याच म्हणेन, आणि ते फार शहाणपणाचे वाटेल, तेव्हाही हिचेच ऐका.

फुसाए म्हणाली, "कमी करा. भात मी भरवीन."

एक क्षणही लावला नाही तिने.

म्हणून अठराला आम्ही नऊच्या फेरीबोटीने येतो. होडीची किल्ली फुसाएकडे आहे. कुठे ठेवली ते मी विचारलेले नाही. डॉक्टर म्हणाले, उतार पडायला आठवडे लागतील, तोवर मी जसा होतो तसाच आहे. हे खरे आहे, ते मी तुला सांगू शकतो. खिडकीतून सामुद्रधुनी दिसते. उधाणाची धार सुटली आहे, मधोमध पाणी पांढरे फुटते आहे, दहांत तीन, मी आत्ताच पुन्हा मोजले. आणि ती मला अजून सोपी दिसते आहे.

इसोजी